ताप उतरला, आता सायकल कधी काढू?

पावसाळा सरत आला की माउंटन बायकिंग करणाऱ्यांची पत्रं वाढतात. टेकड्या हिरव्यागार असतात, वाटा वाळू लागलेल्या असतात, हिवाळ्यातल्या शर्यतींची नोंदणी सुरू झालेली असते आणि त्याच वेळी घरोघरी कुणी ना कुणी तापातून उठलेलं असतं. दरवर्षी तोच एक प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येतो. त्याला आज जास्त जागा देतो, बाकीच्यांना थोडक्यात उत्तरं.

प्रश्न : पहिली माउंटन बाइक घेतोय. चाक २७.५ इंची घेऊ की २९?

उंची ५ फूट ४ इंचांपेक्षा कमी असेल तर २७.५, नाहीतर २९. दोन्हींवर बसून, दुकानाबाहेर फेरी मारून मगच पैसे द्या.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. १५ हजारांत 'डबल सस्पेन्शन, २१ गिअर, डिस्क ब्रेक' अशी सायकल मिळते आहे. टेकडीवर चालेल ना?

नाही चालणार. या किमतीत मागचं सस्पेन्शन म्हणजे नुसती एक जाड स्प्रिंग असते. दाबली गेली की ती तितक्याच जोराने उसळते, कारण तो जोर जिरवणारी यंत्रणा आतमध्ये नसते. उतारावर मागचं चाक जमिनीवर टिकत नाही आणि चढावर मुलाची निम्मी ताकद स्प्रिंग दाबण्यातच जाते. वर सायकलचं वजन वाढतं ते वेगळंच.

२१ गिअरचं आमिषही तसंच. आजच्या चांगल्या माउंटन बाइकना पुढे एकच चकती असते आणि मागे १० ते १२. गिअरचा आकडा मोठा म्हणून सायकल चांगली, हे फक्त जाहिरातीत खरं असतं. तेवढ्याच पैशांत, किंवा थोडी वाट बघून अजून थोडे घालून, मागे सस्पेन्शन नसलेली साधी हार्डटेल घ्या आणि हेल्मेट, हातमोजे यांसाठीही पैसे ठेवा. सायकल विकत घेण्याआधी सोबतची माहितीपुस्तिका मागून घ्या आणि वाचा. ही सायकल खडबडीत वाटेसाठी किंवा उड्यांसाठी नाही, असं काही पुस्तिकांत स्पष्ट छापलेलं असतं आणि दुकानात ते कुणी सांगत नाही. जाताना सायकल दुरुस्त करणारा एखादा ओळखीचा माणूस बरोबर न्या.

प्रश्न : वय ३४. डेंगी झाला होता, चार दिवस दवाखान्यात होतो. ताप जाऊन ९ दिवस झाले, प्लेटलेट १ लाख ६० हजार आहेत. घड्याळात बसल्या जागी नाडी ४८ दिसते, म्हणजे फिटनेस टिकून आहे. ग्रुपमधले सांगतात, एकदा घाट चढून चांगला घाम काढ, उरलेला अशक्तपणा निघून जाईल. तीन आठवड्यांनी ४० किलोमीटरची ट्रेल, म्हणजे डोंगरवाटेवरची, शर्यत आहे. या रविवारी सिंहगड घाट करू का?

नाही. या रविवारी नाही आणि पुढच्याही नाही. शर्यत सोडा. नोंदणी पुढच्या वर्षावर ढकलता येते का, ते आयोजकांना आजच विचारा.

आता कारणं नीट वाचा, कारण असेच प्रश्न पाठवणारे तुम्ही एकटे नाही.

डेंगीत ताप उतरला म्हणजे सुटलो, असं नसतं. उलट ताप उतरतो त्याच सुमाराला धोक्याचे २४ ते ४८ तास सुरू होतात. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बाहेर झिरपतो, रक्त दाट होतं, बीपी घसरू शकतं. ते दिवस तुम्ही दवाखान्यात काढलेत, चांगलं झालं. पण ताप हेच एक मोजमाप धरायची खोड माणसाला लागते ती पुढे महिनाभर सुटत नाही.

प्लेटलेटचं वेडही तसंच. दीड लाखाच्या वर गेल्या म्हणजे त्या नॉर्मल झाल्या, एवढंच. तुमच्या यकृताला आलेली सूज उतरली का, हृदयाच्या स्नायूचं काय, याबद्दल तो आकडा एक अक्षर सांगत नाही. एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडे किती आहेत, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. ज्या आकड्याची घरात रोज चर्चा होते तेवढाच लोकांच्या लक्षात राहतो.

आणि नाडी ४८. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जास्त खटकलं ते हे. डेंगीतून उठताना नाडी मंदावलेली अनेकांत दिसते. तो आजाराचाच भाग आहे, फिटनेसचा पुरावा नाही. आजारापूर्वी तुमची नाडी किती असायची? ६० असेल आणि आता ४८ असेल तर ती सुधारणा समजू नका. बहुतेकांची नाडी आपोआप पूर्वपदावर येते. पण जोडीला चक्कर, छातीत धडधड, दुखणं, एका जिन्यात दम लागणं यातलं काहीही असेल तर हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे का, म्हणजे मायोकार्डायटिस आहे का, हे तपासावंच लागतं. मनगटावरच्या घड्याळाला ते कळत नाही. ईसीजी काढा. तो नॉर्मल आला तरी तक्रारी असतील तर ट्रोपोनिन (रक्ताची तपासणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल का, हे हृदयरोगतज्ज्ञांना ठरवू द्या.

हे फक्त डेंगीपुरतं नाही. फ्लू, कोविड, नाव न कळलेला व्हायरल, कशातही हे होऊ शकतं. प्रमाण कमी आहे, म्हणूनच ग्रुपमधल्या कुणी पाहिलेलं नसतं आणि 'मला काही झालं नाही' हे बोलणं सगळीकडे पसरतं. सुजलेल्या स्नायूला घाटाचा चढ दिला तर ठोके बिघडतात आणि माणूस जागीच कोसळू शकतो. तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूंमागे जी कारणं सापडतात त्यांत मायोकार्डायटिस आहे. निदान झालं तर साधारण ३ ते ६ महिने जोराचा व्यायाम आणि स्पर्धा बंद ठेवावी लागते, पुन्हा तपासण्या होतात आणि मगच परवानगी मिळते.

घाम काढून अशक्तपणा जातो, हे कुठून आलं मला माहीत नाही, पण ते थांबायला हवं. घामातून पाणी आणि मीठ जातं. ज्या शरीरातलं पाणी नुकतंच खाली-वर झालंय, त्याला तेच पुन्हा कमी करायला सांगताय. ग्रुपचं नेतृत्व करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : तापातून उठलेल्या सभासदाला महिनाभर चढाला बोलावू नका आणि तो आलाच तर परत पाठवा.

मग करायचं काय? ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या ठीक आहेत, तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून होकार दिला आहे, असं धरून सांगतो. आधी आठवडाभर सपाटीवर २० ते ३० मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं उठवलं तर पुढची पायरी, अंग मोडून आलं तर त्याच पायरीवर थांबायचं. मग सपाट रस्त्यावर अर्धा तास सायकल, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. ते आठवडाभर जमलं की छोटा चढ. ट्रेल सगळ्यांत शेवटी. रस्त्यावर थकलात तर थांबता येतं, पण मुरमाच्या उतारावर ब्रेक धरणारी बोटं थकली की माणूस पडतो. छातीत काहीही जाणवलं तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही. आणि शर्यतीच्या तारखेपासून मागे मोजत हे वेळापत्रक बसवू नका.

प्रश्न : डेंगीनंतर पपईच्या पानांचा रस आणि 'इम्युनिटी ड्रिप' घेतलं तर लवकर सायकलवर बसता येईल का?

प्लेटलेट धोक्याचे दिवस संपले की स्वतःहूनच वाढतात. नेमका त्याच वेळी रस पाजलेला असतो, म्हणून श्रेय रसाला मिळतं. सलाइनमधून जीवनसत्त्वं चढवून हृदय किंवा यकृत लवकर बरं होत नाही, बिल मात्र लवकर होतं. ते पैसे ईसीजी आणि यकृताच्या तपासणीला वापरा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका. डेंगीत त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो.

प्रश्न : एकदा आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसतंय. वापरू?

नाही. आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो. नवीन घ्या, सीपीएससी किंवा ईएन १०७८ हे सुरक्षा मानक लिहिलेलं बघून.

प्रश्न : कर्जतजवळ चिखलातून राइड केली, नडगीला खरचटलं होतं. आता १० दिवसांनी ताप, पोटऱ्या प्रचंड दुखताहेत, डोळे लाल आहेत. राइडमुळेच पाय दुखत असतील म्हणून तीन दिवस क्रोसिनवर काढले. अजून वाट बघू का?

हे वाचताय तिथून उठा आणि दवाखान्यात जा. 'चिखलातून सायकल चालवली होती, पायाला जखम होती' हे वाक्य डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. ते न सांगितल्याने निदान लांबतं.

तुमची लक्षणं लेप्टोसारखी आहेत. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येतात, खरचटलेल्या कातडीतून, डोळ्यांतून, तोंडातून आत शिरतात. लक्षणं साधारण ५ ते १४ दिवसांनी दिसतात, त्यामुळे माणसाला तोवर ती राइड आठवत नाही. १० दिवसांनंतरची पोटऱ्यांची दुखी राइडची नसते. सुरुवातीलाच प्रतिजैविक मिळालं तर चांगला गुण येतो. वाट बघितली तर कावीळ, मूत्रपिंडं निकामी होणं, फुप्फुसांत रक्तस्राव इथवर जाऊ शकतं. लघवी कमी झाली असेल किंवा धाप लागत असेल तर १०८ला फोन करा.

हा फक्त भातशेती करणाऱ्यांचा आजार आहे असा समज आहे. २००० साली बोर्निओतल्या साबा राज्यात इको-चॅलेंज ही साहसी शर्यत झाली. जगभरातून आलेले धट्टेकट्टे स्पर्धक नदीच्या पाण्यातून गेले आणि घरी परतल्यावर त्यांच्यात लेप्टोची मोठी साथ आढळली. पावसाळ्यात राइडला जाताना जखम जलरोधक पट्टीने झाका, नाहीतर जाऊच नका. चिखल उडालेल्या बाटलीच्या तोंडाला तोंड लावू नका. पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून जाणं झालं असेल तर प्रतिबंधक गोळी लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. मित्राकडची उरलेली पाकिटं खाऊ नका.

प्रश्न : पत्नी परवा उतारावर पडली. हेल्मेट होतं. पाच मिनिटांचं तिला आठवत नाही, एकदा उलटी झाली, आता डोकं दुखतंय. ती म्हणते, झोपले की बरं वाटेल.

आजच न्यूरोलॉजिस्टला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात दाखवा. दोन दिवस आधीच दाखवायला हवं होतं. दुखणं वाढलं, पुन्हा उलटी झाली, बोलणं अडखळलं किंवा जाग यायला वेळ लागला तर एक मिनिट घालवू नका. डॉक्टर सांगेपर्यंत सायकल नाही. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसणं फार वाईट.

प्रश्न : लांब राइडनंतर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं.

हँडलवर तळव्याच्या कडेची नस दाबली जाते. पकड बदलत राहा, सायकलचं फिटिंग करून घ्या. दोन आठवड्यांत गेलं नाही तर हाताच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : साताऱ्यात राहतो. यवतेश्वरच्या वरच्या कातळावर पावसाळ्यात सायकल घसरते. टायर बदलू का?

टायरचा दोष नाही. ओल्या कातळावरच्या शेवाळावर कुठलाच टायर धरत नाही. तिथे उतरून चाला. आणि कास परिसरात फुलांच्या दिवसांत वाट सोडून चाक घालायचंच नाही. तिथली झाडं कातळावरच्या बोटभर मातीत वाढतात, एका चाकोरीने ती माती वाहून जाते. वनखात्याच्या जागेत सायकलला परवानगी आहे का, हे वनपालांना विचारून मगच जा.

काळ्या मातीत तर पाऊस थांबल्यावरही दोन दिवस थांबा, चाकं आणि डिरेलर (गिअर बदलणारा भाग) दोन्ही लिंपून जातात. मुरमाच्या वाटेवर टायरमधली हवा कमी करून बघा. पंक्चरवाला सवयीने ५० ते ६० पीएसआय भरून देतो. ट्यूबचा, सव्वादोन इंची टायर आणि ७० किलोचा माणूस असेल तर ३०च्या आसपास पुरते. सराटे आणि बाभळीचे काटे असलेल्या भागात ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) टाका, खर्च वसूल होतो.

प्रश्न : टायफॉइड आहे. गोळ्या १४ दिवसांच्या, आज सातवा दिवस, ताप नाही, भूक लागतेय. गोळ्या थांबवून हलकी राइड सुरू करू?

दोन्ही नको. टायफॉइडमध्ये आतड्याला जखमा होतात आणि आतडं फुटण्याचा धोका दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असतो, म्हणजे तुम्हाला बरं वाटायला लागतं तेव्हाच. प्लीहाही वाढलेली असू शकते, हँडल पोटात बसलं तर ती फाटू शकते. गोळ्या पूर्ण करा, ज्यांनी लिहून दिल्या त्यांना कोर्स संपल्यावर पोट तपासायला सांगा, आणि पोटात अचानक जोरात दुखलं तर रात्र असली तरी निघा.