टिळकवाडीचा गाळा की उद्यमबागचं शेड?

नमस्कार,

पुण्यात काही वर्षं गाड्यांच्या काचांना फिल्म लावायचं काम करून तुम्ही बेळगावात अनगोळला घरी परतलात आणि आता स्वतःचं दुकान टाकायचंय. हातात ७ लाख आहेत. एक गाळा टिळकवाडीत काँग्रेस रोडला, १० बाय २२ फूट, भाडं २८,०००, डिपॉझिट २ लाख ८० हजार. दुसरं उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आतल्या रस्त्यावरचं शेड, १८ बाय ३५, भाडं १२,०००, डिपॉझिट ६०,०००. गाळ्यासाठी कमी पडलं तर वहिनींचं सोनं पतसंस्थेत (सोसायटीत) तारण ठेवायची तयारी आहे आणि गाळ्याचा मालक रविवारपर्यंत टोकन मागतोय.

माझं मत आधीच सांगतो. टोकन देऊ नका, सोनं घरातच राहू द्या, आणि शेडची नीट तपासणी करून तेच घ्या.

पैशाआधी मोजपट्टी काढू. क्रेटासारखी गाडी सुमारे १.८ मीटर, म्हणजे ६ फूट रुंद असते. १० फुटी गाळ्यात ती मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. तेवढ्यात दार पूर्ण उघडत नाही, आणि मागच्या काचेसाठी आत बसून स्क्वीजी (पाणी निपटायची रबरी पट्टी) चालवायची तर दार उघडायलाच हवं. मग गाडी शटरबाहेर येते, फिल्म सोलून पाणी मारेपर्यंत रस्त्यावरची धूळ गोंदावर बसते आणि काचेत ठिपके दिसतात. तो तुकडा फाडून नवा लावायचा, तोही तुमच्याच खर्चाने. दुसरी गाडी आली तर ती काँग्रेस रोडला दोन-तीन तास कुठे उभी करणार?

आता तुमचेच आकडे घेऊ. सरासरी बिल ६,०००, फिल्म आणि इतर माल वजा जाता गाडीमागे ३,००० उरतात. गाळ्यात भाडं २८,०००, मदतनीस १५,०००, वीज आणि किरकोळ ७,०००, घरखर्च २५,०००, एकूण ७५,०००. म्हणजे महिन्याला २५ गाड्या झाल्या की हातातोंडाची गाठ पडते. शेडमध्ये हाच हिशोब ५९,००० वर येतो, २० गाड्यांत भागतं. भाड्यातला १६,००० चा फरक भरून निघायला रस्त्यावरच्या पाटीमुळे दरमहा सहा गाड्या जास्त येतील का, एवढाच खरा प्रश्न आहे. मला तसं वाटत नाही. फिल्म लावून घेणारा माणूस चालता चालता दुकानात शिरत नाही. त्याला शोरूमचा सेल्समन पाठवतो, ॲक्सेसरीजवाला पाठवतो, नाहीतर ज्याच्या गाडीचं काम चांगलं झालंय तो मित्र पाठवतो. खानापूर रोडने येणारा माणूस उद्यमबागेत सहज येईल. चंदगडहून आलेल्यालाही गाडी उभी करायला जागा मिळणं जास्त मोलाचं.

आणि बेळगावचा पाऊस विसरू नका. जून ते सप्टेंबर उन्हाचा त्रास नसतो, त्यामुळे मागणी घटते, शिवाय दमट हवेत फिल्म वाळायला वेळ लागतो. त्या चार महिन्यांत दरमहा १२ गाड्याच आल्या असं धरा. गाळ्यात दरमहा ३९,००० ची तूट, शेडमध्ये २३,००० ची. गाळ्याचं डिपॉझिट, अडीच लाखांचा माल-हत्यारं आणि दीड लाखाची सजावट केल्यावर तुमच्याकडे २०,००० उरतात. पहिल्याच जूनला सोनं सोसायटीत जाईल. शेडला डिपॉझिट, तोच माल आणि ९०,००० ची लादी-पार्टिशन-दिवे धरूनही ३ लाख शिल्लक राहतात, म्हणजे पाच महिन्यांचा खर्च. या पैशाला हात लावू नका. बरे महिने असतील तेव्हा रोज ५०० ची पिग्मी (रोज थोडे पैसे भरायची ठेव) सुरू करा.

एका गोष्टीची मला जास्त काळजी आहे. तुम्ही कमाईचा मोठा भाग काळ्या फिल्मवर धरलाय. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म चिकटवायला मनाई केली. नंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० बदलला, तो १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला, आणि त्या आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मर्यादेत बसणाऱ्या फिल्मला परवानगी दिली. पण तो निकाल केरळचा, इथल्या रस्त्यावरचा पोलीस तो मानेलच असं नाही. मर्यादाही समजून घ्या: पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड पार व्हायला हवा, तोही काच आणि फिल्म मिळून. मूळ काच ७५ टक्के उजेड सोडत असेल आणि वर ६० टक्क्यांची फिल्म लावली तर हिशोब ४५ वर येतो, म्हणजे नियमाबाहेर. म्हणून उजेड मोजायचं मीटर पहिल्याच दिवशी घ्या, प्रत्येक बिलावर आकडा लिहून द्या आणि काळी फिल्म मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. उष्णता अडवणारी पारदर्शक फिल्म, पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा संरक्षक लेप) यांवर धंदा उभा करा. पोलिसांची मोहीम निघाली की काळ्या फिल्मचं गिऱ्हाईक एका आठवड्यात गायब होतं, २८,००० चं भाडं मात्र चुकत नाही.

शेडलाही डोळे मिटून हो म्हणू नका. उद्यमबागेत फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने आहेत. शेजारी वाळूचं किंवा ग्राइंडिंगचं काम चालत असेल तर ते शेड फुकट मिळालं तरी नको. कामाच्या दिवशी दुपारी जा, ओल्या काचेचा तुकडा आत तासभर ठेवा आणि त्यावर काय बसतं ते बघा. पाणी बोअरचं असेल तर क्षारांचे डाग पडतील, स्प्रेसाठी आरओचं पाणी लागेल, तो खर्च धरा. फलकावर ६० टक्के जागा कन्नडला देणं २०२४ च्या कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे एकदाच नीट करून घ्या.

करार अकरा महिन्यांचा करू नका. ९०,००० दुसऱ्याच्या जागेत घालताय, तर तीन वर्षांचा, नोंदणी केलेला करार मागा, वर्षाला ठरलेली वाढ लिहून घ्या आणि मालकाने मधेच जागा मागितली तर पार्टिशनचा खर्च कोण भरणार तेही त्यातच येऊ द्या. पावसाळा धरून पूर्ण वर्षभर सरासरी ३० गाड्या झाल्या की टिळकवाडीचा विचार पुन्हा करू. तोवर तिथे शटर रुंद असलेला गाळा बघत राहा.