दारातला फलक लिहिणाऱ्या मुलीस

कोल्हापूर, नोव्हेंबर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

वाचनालयाच्या दारातला फलक आता तू लिहिणार हे कळलं आणि फार बरं वाटलं. वर दिनविशेष, मधे मनातल्या दोन ओळी, खाली एक कोडं, अशी त्याची मांडणी कित्येक वर्षं चालत आली आहे. ती तू बदललीस तरी माझी हरकत नाही. पण फलक कोण वाचतं हे आधी बघून घे. रतीब घालून परतणारे गवळी सायकलवरून न उतरता एक पाय पायरीवर टेकवून वाचतात. अंबाबाईचं दर्शन घेऊन येणाऱ्या बायका कोडं तोंडपाठ करून घरी नेतात. अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची पोरं तारीख वहीत उतरवून घेतात आणि त्यावर परीक्षेला बसतात. त्यामुळे तुझ्या हातून खडूनं निघालेला आकडा कुणाच्या तरी पेपरात जाणार आहे, हे रोज लक्षात ठेव.

फोनवर सकाळी दिनविशेषांची रांगच येऊन पडते. कुठे कोणता शोध लागला, कोण जन्मलं, कोण गेलं. ती उतरवली की फलक भरल्यासारखा दिसतो, म्हणून मोह होईल. तसं करू नको. एकच नोंद घे, आणि अशी घे की वाचणारा पुढे चालू लागला की त्याच दिवशी ती त्याला गावात कुठेतरी दिसावी. फोन सगळ्या जगाला एकच यादी पाठवतो. आपल्या पेठेतल्या माणसाला त्याच्या रोजच्या रस्त्यावर थांबवणं फक्त तुला जमण्यासारखं आहे.

पुढच्या महिन्यातलंच उदाहरण घे. ९ डिसेंबर १९५० ला बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. पुढाकार भाई माधवराव बागलांचा. बाबासाहेब तेव्हा हयात होते. केएमटीच्या बसमधून रोज तिथून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? फलकावर नुसतं विचार: 'बाबासाहेबांच्या हयातीतच त्यांचा पुतळा जिथे उभा राहिला तो कोल्हापुरातला चौक कोणता?' नोंदही झाली आणि कोडंही झालं. त्या दिवशी बिंदू चौक ओलांडणारा माणूस मान वर करून बघेल. मला फलकाकडून एवढंच हवं असतं.

तारखांच्या बाबतीत मात्र कडक राहा. शाहू महाराजांची जन्मतारीख जुन्या पुस्तकांत २६ जुलै १८७४ सापडेल. आज आपण २६ जून १८७४ मानतो आणि सामाजिक न्याय दिनही त्याच दिवशी असतो. वाचनालयाच्या मागच्या कपाटातलं जुनं पुस्तक बघून कुणी तुझ्याशी वाद घालायला येईल तेव्हा त्याला हे शांतपणे सांग. आणि २६ जुलै फलकावरून पुसू नको, कारण त्या तारखेला तिचं स्वतःचं मोल आहे. २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. महाराज तेव्हा इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणाच्या समारंभासाठी विलायतेत होते. त्याच दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं मैदान पाहिलं आणि खासबागेचं कुस्ती मैदान त्यातून सुचलं. एवढं सगळं एका दिवशी लिहू नको. हुकूम एका वर्षी, खासबाग दुसऱ्या वर्षी. फलक दरवर्षी तोच असतो, पण वाचणारी पोरं नवी येतात.

'कितवी जयंती' हा आकडा टाळलास तर उत्तम. जन्मसाल लिही आणि वजाबाकी वाचणाऱ्याला करू दे. जन्माचा दिवस पहिला धरायचा की वर्ष पूर्ण झाल्यावर पहिला धरायचा, यावरून दरवेळी दोन तट पडतात आणि मूळ माणूस बाजूला राहतो. शाहू महाराजांचं निधन ६ मे १९२२ ला मुंबईत झालं. २०२२ च्या ६ मे रोजी सकाळी दहा वाजता अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं. सिग्नलला, दुकानात, स्टँडवर, जो जिथे होता तिथे. त्या दिवशी 'कितवी' हे कुणाला सांगावं लागलं नाही.

तिथीनं येणारे दिवस आले की तारखेबरोबर तिथीही लिहीत जा. पन्हाळ्याचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले ती १६६० मधली आषाढी पौर्णिमेची रात्र. पुस्तकात १२ जुलै असतं, तेही जुन्या कॅलेंडरचं; आजच्या कॅलेंडरात ते दहा दिवस पुढे जातं. नुसती तारीख लिहिलीस तर त्या रात्रीचा चंद्रच नाहीसा होतो. वर ढग, खाली चिखल, आणि ढग फाटला की पौर्णिमेच्या उजेडात पालखी दिसण्याची भीती. शिवा काशीदांचं धाडस आणि बाजीप्रभूंची खिंड या अंधार-उजेडात ठेवूनच समजते. आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या पोरांना विचार, ती तुला वाट कशी असते ते सांगतील. त्यांचं एक वाक्य फलकावर घे.

तिथीचं एक कोडंही तुझ्या वयाला साजेसं आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान, म्हणून तिथी मागे मागे सरकते आणि अधिक महिना तिला पुन्हा पुढे आणतो. मग जन्मतारीख आणि जन्मतिथी पुन्हा एकत्र कधी येतात? एकोणिसाव्या वर्षी, कारण १९ सौरवर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात. एखाद्या दिवसाचा फरक पडेल, इतकंच. २००४ साली अधिक श्रावण होता, तो पुन्हा आला २०२३ ला. तू यंदा एकोणीस पूर्ण केलीस ना? आईकडून तिथी विचारून घे आणि पंचांग उघडून बघ. स्वतः पडताळल्यावरच फलकावर टाक.

आता कोड्यांविषयी, कारण खरी गर्दी तिथेच होते.

कोडं हातानं सोडवता आलं पाहिजे. एकदा मी दुधाचं जुनं कोडं लिहिलं होतं: आठ लिटरची किटली भरलेली, पाच आणि तीन लिटरच्या दोन किटल्या रिकाम्या, दुसरं माप नाही, आणि दूध दोघांत चार-चार लिटर वाटायचं. गंगावेशच्या दूध कट्ट्यावरून परतणाऱ्या एका गवळ्यानं ते वाचलं आणि काही न बोलता निघून गेला. दुसऱ्या दिवशी तीन किटल्या घेऊनच आला. मोठीत नळाचं पाणी भरलं, पायरीवर तिन्ही ओळीनं मांडल्या आणि ओतायला लागला. आठातून पाचची भरली. पाचातून तीनची भरली. तीनची परत मोठीत रिकामी केली. पाचच्या किटलीत उरलेलं दोन लिटर तीनच्या किटलीत घातलं. इथे तो थांबला, तळहातानं किटलीचा काठ पुसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. भोवती पाच-सहा जण जमले होते, पण सांगायला कुणी पुढे झालं नाही. मग त्यानं मोठीतून पाचची पुन्हा भरली, आणि तिच्यातून तीनच्या किटलीत मावेल तेवढं, म्हणजे एकच लिटर, ओतलं. पाचच्या किटलीत चार राहिले. तीनची मोठीत ओतली, तिथेही चार. सात वेळा ओतून काम झालं. शाळेचं दप्तर पाठीवर असलेली एक मुलगी शेवटपर्यंत उभी होती. तिनं विचारलं, 'काका, सहा वेळात होतंय का?' तो म्हणाला, 'उद्या बघूया.'

तेव्हापासून मी कोडं निवडताना बघायचो की ते पायरीवर मांडता येतं का. तूही बघ. लिहिण्याआधी स्वतः दोनदा सोडव. उत्तर त्याच दिवशी देऊ नको, दुसऱ्या दिवशी दे, आणि नुसता आकडा न देता वाट दाखव. ज्याला जमलं नाही त्याला कमीपणा वाटेल असं कोडं मुळीच नको. 'पंचगंगेच्या पाच नद्या कोणत्या?' हा प्रश्न मला आवडतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, चार पटापट येतात आणि पाचव्या नावाला माणूस अडतो. पाचवी सरस्वती, गुप्त मानलेली. इथे न जमणाराही हसत हसत प्रयाग चिखलीच्या संगमाची गोष्ट सांगायला लागतो.

वाराचं एक सोपं कोडं मुलांसाठी राखून ठेव. ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर, कोणत्याही वर्षी या पाचही तारखांना एकच वार असतो. मुलं घरी जाऊन दिनदर्शिकेची पानं उलटतात आणि ओरडतात. त्यांच्या आयांनी हे मला सांगितलंय.

जुळून आलेल्या तारखांवरून अर्थ काढण्याच्या मात्र मागे लागू नको. अमका अमक्याच्याच दिवशी गेला, तमकं तमक्याच दिवशी घडलं, म्हणजे त्यात संकेत आहे, असं लोकांना फार आवडतं. वर्षात दिवस ३६५, एखाद्या वर्षी ३६६. अवघी तेवीस माणसं एकत्र आली तरी त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. तिसांत सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. अभ्यासिकेत विचारून बघ, बहुतेक एक जोडी निघेलच.

हे माहीत असूनही एक तारीख मला आजही जड जाते. संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९०. महाराजांनी उभारलेलं १९१५ चं पॅलेस थिएटर पुढे त्यांच्या नावानं ओळखलं गेलं. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फलकासमोर खडू घेऊन उभं राहिलो तर दिनविशेष आधीच ठरलेला होता, त्यांची जयंती. मी नाव आणि तारीख लिहिली, बाकी फलक मोकळा सोडला, कोडं दिलं नाही. असा दिवस तुझ्याही वाट्याला येईल. त्या दिवशी जागा भरायची म्हणून काही लिहू नको.

मधल्या दोन ओळींचं तू विचारलं होतंस, की रोज सुचणार कुठून. बाहेरून सुचतात. पावसाळ्यात आपल्याकडे 'काय चाललंय' असं कुणी विचारत नाही, 'पाणी किती झालं' असं विचारतात, आणि उत्तर फूट-इंचात येतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट पाणी म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे इथल्या पाचवीतल्या पोरालाही पाठ असतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि इकडे पेठेतली माणसं तळमजल्यावरचं सामान माडीवर न्यायला लागतात. जे ऐकलंस ते ऐकल्यासारखंच लिही. सुविचार लिहू नको, ते फोनवर पुष्कळ आहेत.

लगेच करायचं काम अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाचं. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून गरुड मंडपातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग, धूळ, बाष्प किंवा वाटेत उभं राहिलेलं एखादं बांधकाम आडवं आलं तर किरणं अर्ध्यावर अडतात. हीच घटना पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला होते. दोनदाच का, आणि याच तारखांना का, हे कोडं म्हणून घाल. इशारा दे की २१-२२ डिसेंबर मधोमध धरून दोन्हीकडचे दिवस मोजा. दोन्ही बाजूंना एक्केचाळीस-बेचाळीस येतात. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळतो, परतताना तिथेच पुन्हा मावळतो. ज्यांनी मंदिर असं बसवलं त्यांनी हे मोजलं होतं. गणिताचा कंटाळा असलेली माणसंही बोटं मोजत उभी राहतील, बघ.

त्या तीन संध्याकाळी तू स्वतः देवळात जा आणि सकाळच्या फलकावर आदल्या दिवशी किरणं कुठवर पोहोचली ते लिही. चरण, कंबर, मुख, जे दिसलं तेच. अडली असतील तर अडली म्हण. कुणी सांगितलं म्हणून लिहू नको.

खडूची पेटी टेबलाच्या खालच्या खणात आहे, ओलं फडकं दाराच्या मागे. फलक पुसायच्या आधी कालच्या कोड्याखाली कुणी उत्तर लिहून गेलंय का ते बघ, लिहितात कधीकधी. सकाळी साडेसहाला दार उघडतं, त्याआधी दहा मिनिटं पोच.

तुझे काका