साताऱ्याहून मुलांना टीव्ही स्टुडिओ आतून दाखवता येईल का?

हो, येईल. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी गाठा, पण निघण्याआधी सहलीचं बुकिंग करा. चालू सेटवर मात्र निर्मात्यांनी परवानगी दिली तरच सोडतात.

आत गेलात की मुलांना आधी वर बघायला सांगा. बहुतेक सेटला छतच नसतं, लोखंडी पाइपांच्या जाळीला दिवे टांगलेले असतात. भिंती प्लायच्या, मागून नुसत्या लाकडी पट्ट्या.

बातम्यांचा स्टुडिओ बघायला मिळाला तर टेलिप्रॉम्प्टर अजिबात चुकवू नका. कॅमेऱ्याच्या भिंगासमोर तिरकी काच असते आणि खालच्या स्क्रीनवरची उलटी अक्षरं तिच्यात सुलटी दिसतात. निवेदक ती वाचतो, म्हणून थेट आपल्याकडे बघतोय असं वाटतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुलं बातम्या वेगळ्याच नजरेने बघतात!

मुंबई लांब वाटत असेल तर वाई-मेणवलीकडे लक्ष ठेवा. तिथल्या घाटांवर, वाड्यांत अधूनमधून शूटिंग चालू असतं. जेवणाच्या सुट्टीत प्रॉडक्शनवाल्यांना नीट विचारा, फोन सायलेंटवर ठेवा आणि टेक चालू असताना मुलांना हलू देऊ नका.