पोळ्याचे दोर

चिऊ,

पोळ्याच्या संध्याकाळी गावाहून तू फोनवर विचारलंस, "आई, ते दोघं एवढे दोर घेऊन आले, मग आजीनं पैसे का नाही दिले? नुसते गहू आणि पुरणपोळी? आणि ते ओसरीच्या खालीच का थांबले?" प्रश्न मला लागला. तुला सावकाश लिहावं असं वाटलं.

आधी दोराचं सांगते. त्यामागचं काम कळल्याशिवाय गव्हाचा हिशेब कळायचा नाही.

आपल्या खेड तालुक्यात बांधाला घायपात असतं, काटेरी, तलवारीसारख्या पानांचं. खालची जून पानं कापायची, कडेचे काटे सोलायचे, पेंढ्या बांधून ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबायच्या. आठ ते पंधरा दिवस, पाणी किती कोमट आहे त्यावर. लवकर काढलं तर गर चिकटून राहतो आणि पुढे दोर आतून सडतो. उशीर झाला तर वाख, म्हणजे पानातला धागा, काळा पडतो, हातात तुटतो. मग दगडावर बडवायचं, धुवायचं, वाळवायचं. त्या रसानं कोपरापर्यंत खाज सुटते, फोड येतात. एवढं करून १०० किलो पानांतून हाती येतो जेमतेम ३-४ किलो वाख. आपल्याकडचा पोळा भाद्रपदी अमावस्येचा, पावसाळ्याच्या शेवटाला. पावसात वाख वाळत नाही, म्हणून उन्हाळ्यातच, ओढ्यात पाणी कमी असताना, तो करून ठेवावा लागतो.

वळायला दोघं लागतातच. एक जण चाक फिरवतो, दुसरा कमरेला वाख गुंडाळून बोटांनी तो सोडत मागे मागे चालतो. बहुतेक घरांत चाक बाईकडे, आणि लोक म्हणतात, दोर वळतो तो गडी, ती नुसती मूठ फिरवते. हे मला कधीच पटलं नाही. चाक जास्त फिरलं तर पदराला, म्हणजे दोराच्या एकेका पेडाला, गाठी पडतात, कमी फिरलं तर वाख सुटतो. त्याच्या पावलाला तिचा हात जुळला तरच पदर सारखा येतो. मग तीन पदर एका बाजूला पिळतात आणि एकत्र करताना उलट्या बाजूला. पदर उलगडू पाहतात, दोर त्यांना आवळतो, म्हणून तो सुटत नाही. मध्ये तीन खाचांचा लाकडी ठोकळा सरकवत नेतात. पिळात लांबी खपते, म्हणून १० हात दोराला १३-१४ हातांचे पदर घ्यावे लागतात. एक पदर सैल राहिला की सगळा ताण उरलेल्या दोघांवर येतो आणि दोर ऐन ओढीत तुटतो.

वेसणीला मात्र घायपात चालत नाही, कुसं बैलाचं नाक सोलतात. तिला अंबाडीचा नाहीतर तागाचा मऊ वाख. एका जोडीला नाकातल्या दोन वेसणी, तोंडावरच्या दोन म्होरक्या, बांधायची दोन दावी, हाकायचा एक कासरा. आता धर, किती दिवसांचं काम झालं.

आमच्या लहानपणी गावात हे काम मातंग समाजाकडे होतं. वर्षभर दोर, शिंकी, केरसुण्या त्यांनी द्यायच्या आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचं. आजी म्हणते, रोख पैसा कुणाकडेच नव्हता, दाणे मिळायचे, नातं टिकायचं. ते खोटं नाही. पोळ्याला त्यांच्या हातचं तोरण दाराला लागल्याशिवाय आबा बैल पुढे काढत नसत. पण किती पायल्या द्यायच्या ते आपण ठरवायचो. तोरण दाराला चालायचं आणि बांधणारा खालीच उभा राहायचा. ह्याचं समर्थन मला करता येत नाही, चिऊ, आणि आजी वाईट आहे असंही मी म्हणणार नाही.

आता बैलच कमी झालेत. चाकणच्या बाजारात, पुण्यात बोहरी आळीत नायलॉनची दोरी स्वस्त मिळते, ती कुजतही नाही. हाताला आणि जनावराच्या मानेला काचते, एवढंच. त्यामुळे त्या दोघांना वर्षभराचं काम उरलेलं नाही, आणि ओंजळभर गव्हाचा हिशेब तर मुळीच जमत नाही.

मी आत्याशी बोलले. पुढच्या पोळ्याला दोरांचा भाव आधी त्यांना विचारायचा, रोख द्यायचा, आणि पोळी त्यांना घरात, पाटावर बसवून वाढायची. आजीला पटायला वेळ लागेल. तू तिच्याशी भांडू नकोस. तुला वाटलं तर दोर घेऊन येणाऱ्या त्या मावशींना चाक कसं फिरवायचं ते विचार. नाही वाटलं तरी चालेल.

आई