वाचकांचे प्रश्न : वॉर्डातली डायरी मराठीत लिहून घेताना

प्रश्न : जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडून मी रिफ्लेक्टिव्ह डायरी, म्हणजे वॉर्डातल्या अनुभवाकडे मागे वळून पाहणारी डायरी, लिहून घेते. इंग्रजीत सगळ्यांची वाक्यं सारखीच येतात. मराठीत लिहा म्हटलं, तर वॉर्डात काय घडलं तेच दोन पानं. चुकतंय कुठे?
– एक क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, लातूर

उत्तर : भाषा बदलली, प्रश्न तेच राहिले. अनुभवावर मागे वळून विचार कसा करायचा, याचं एक चक्र शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलं; त्याचे सहा टप्पे आहेत. 'वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती-आराखडा' असं फळ्यावर लिहिलंत, तर मुली व्याख्या पाठ करतील. त्यापेक्षा साधं विचारा : काय झालं? तेव्हा मनात काय आलं? काय जमलं, काय फसलं? असं का झालं? दुसरं काय करता आलं असतं? पुढच्या वेळी नेमकं काय करशील? पहिल्या प्रश्नाला पाचच ओळी द्या. एकूण वेळ वीस मिनिटं, ड्युटी संपल्यावर त्याच दिवशी. रात्र उलटली की आठवण सोयीची होते.

मनात काय आलं, याला बहुतेकींचं उत्तर 'वाईट वाटलं'. म्हणजे भीती, राग, शरम, की किळस? जखमेच्या वासाने किळस आली हे लिहायला संकोच वाटतो, पण तेच लिहून घ्यायला हवं. त्या किळसेपायी ड्रेसिंग घाईत उरकलं जातं.

मराठीचा एक सापळाही आहे. 'सलाईन आउट झाली' (म्हणजे शिरेतून नीट जाईना), 'बघायचं राहून गेलं'. वाक्यात कर्ताच नाही! अशा जागी पेन्सिलने एवढंच लिहा : कोण? 'तीन ॲडमिशन एकदम आल्या म्हणून मी दोन तास पेशंटचा सलाईनचा हात पाहिला नाही' असं उतरलं, की 'का' सापडायला लागतं. मग खोलात जा. हात गार, फिकट, ताणलेला होता की लाल आणि गरम? पहिलं असेल तर द्रव शिरेबाहेर गेला असण्याची शक्यता जास्त, दुसरं असेल तर शिरेचा दाह. हे तेव्हा तिला ओळखता आलं का? शेवटी 'काळजी घेईन' स्वीकारू नका. 'दर तासाला तो हात दुसऱ्या हाताशी ताडून पाहीन आणि चार्टवर वेळ लिहीन' हे चालेल.

प्रश्न : मार्क द्यावेत का?

उत्तर : मजकुराला नकोत. मार्क आले की मुली तुम्हाला आवडेल तेच लिहितात. सहाही प्रश्नांना हात घातला आहे का, एवढं बघा. डायरी कोण वाचणार हे पहिल्याच दिवशी सांगा. पेशंटचं नाव, गाव, बेड नंबर, आयपीडी (भरती झाल्याचा) नंबर नको. 'साठीतले एक काका' पुरे. आणि औषधाची चूक डायरीतून पहिल्यांदा कळता कामा नये. ती तत्क्षणी इन्चार्ज सिस्टरला सांगायची, डायरी नंतर.

प्रश्न : काही मुली अहिराणी, वऱ्हाडी लिहितात. शिवाय रेकॉर्ड तर इंग्रजीतच लागतं.

उत्तर : लिहू द्या, शुद्धलेखन तपासत बसू नका. कॅन्युलाला (सलाईनसाठी शिरेत बसवलेल्या नळीला) कॅन्युलाच म्हणा. वॉर्डात कोणी 'नलिका' मागत नाही. इंग्रजीसाठी त्याच प्रसंगाची नर्सेस नोट चार ओळींत खाली लिहायला लावा : वेळ, काय दिसलं, काय केलं, कोणाला कळवलं. तिथे 'मला भीती वाटली' बसत नाही, आणि नोट व डायरी यांतला फरक मुलींना तिथेच कळतो.