वाचकांचे प्रश्न: घर सात लाखांचं, मग इन्शुरन्स साडेचार लाखांचाच कसा?

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): नुकतंच आमच्या घराचं क्लोजिंग (खरेदीचा व्यवहार पूर्ण) झालं. घर सात लाख डॉलरला पडलं, पण पॉलिसीवर आकडा दिसतोय साडेचार लाख. एजंट म्हणतो बरोबर आहे. आम्हाला गंडवलंय का? आणि खाली कव्हरेज ए पासून एफ पर्यंत लिहिलंय ते नक्की काय असतं?

उत्तर: नाही हो दादा, गंडवलं वगैरे नाहीये. तुम्ही सात लाख दिलेत ते घर आणि जमीन मिळून, आणि एडिसनमध्ये त्यातला बराचसा पैसा जमिनीचा न् शाळांचाच असतो. कव्हरेज ए म्हणजे उद्या घर जळून खाक झालं तर आजच्या मजुरीने, आजच्या मटेरियलच्या भावाने तसंच घर पुन्हा उभं करायला किती लागतील तो आकडा. जमीन काही जळत नाही. पण हा आकडा फार कमी ठेवू नका, कारण बऱ्याच पॉलिसीत ८० टक्क्यांचा नियम असतो, बांधायच्या खर्चाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी रकमेचा इन्शुरन्स असेल तर नुसतं किचन जळलं तरी क्लेमचे पैसे कापून येतात. पुढे किचन नवीन केलं, बेसमेंट फिनिश केलं की एजंटला कळवायचं, लोक नेमकं तेच विसरतात.

बी म्हणजे घरापासून सुटं असलेलं बांधकाम, शेड, कुंपण, वेगळं गराज, साधारण ए च्या १० टक्के. सी म्हणजे घरातलं सामान, बहुतेक ठिकाणी ए च्या ५० ते ७० टक्के. इथे एक गोष्ट नक्की विचारा, पैसे 'अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू'ने मिळणार की 'रिप्लेसमेंट कॉस्ट'ने? पहिल्यात दहा वर्षांच्या सोफ्याचे घसारा वजा करून चिल्लर हातात येते, दुसऱ्यात नव्या सोफ्याचे पैसे. प्रीमियम थोडा वाढतो पण माझ्या मते द्यावा.

डी म्हणजे घर राहण्यालायक नसेल तेव्हाचा हॉटेलचा, भाड्याचा खर्च, पण फक्त जास्तीचा बरं का. महिन्याला किराणा ६०० चा लागायचा आणि आता बाहेर खाऊन १४०० होतायत तर मिळतात ८००.

ई आणि एफ कडे कोणी बघतच नाही. समजा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या काकू तुमच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरल्या, हात मोडला, तर चूक कोणाची हे न बघता दवाखान्याचं बिल एफ मधून जातं, रक्कम छोटी, १ ते ५ हजार डॉलर. घरात राहणाऱ्यांना हे लागू नाही. आणि काकूंच्या मुलाने तुमच्यावर केस टाकली तर वकील आणि भरपाई ई मधून. ई बऱ्याचदा १ लाखावरच ठेवलेलं असतं, ते ३ लाख तरी करून घ्या, त्यासाठी प्रीमियम फार वाढत नाही. (घरून दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनो, फराळ खाऊन कोणी आजारी पडलं तर तो धंदा समजतात, ई कामाला येत नाही.)

प्रश्न (टेक्सास): लग्नातलं सोनं, सासूबाईंच्या पाटल्या, दर धनत्रयोदशीला घेतलेली नाणी, सगळं बेडरूमच्या कपाटात आहे. पॉलिसीवर पर्सनल प्रॉपर्टी (घरातलं सामान) अडीच लाख लिहिलीये, म्हणजे सोनं कव्हर झालं ना?

उत्तर: ताई, इथेच आपल्या लोकांचा घोळ होतो. आग लागली तर दागिने त्या अडीच लाखांत धरतात, पण चोरीसाठी स्टँडर्ड एचओ-३ (स्वतःच्या घराची नेहमीची) पॉलिसीत दागिन्यांना वेगळी मर्यादा आहे, १५०० डॉलर. एका दागिन्याला नाही, सगळे मिळून! चांदीच्या ताटवाट्यांना चोरीसाठी २५०० आणि सोन्याची नाणी रोख पैशांच्या रांगेत बसतात, तिथे तर जेमतेम २०० डॉलर. काही कंपन्या मर्यादा थोडी वाढवून देतात, तुमच्या पॉलिसीत 'स्पेशल लिमिट्स' खाली बघा.

उपाय म्हणजे दागिने शेड्यूल करायचे, म्हणजे प्रत्येकाचं नाव आणि किंमत पॉलिसीत लिहून घ्यायची. त्यासाठी इथल्या अप्रेझरचं (किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाचं) सर्टिफिकेट लागतं, पुण्याच्या सराफाचं जुनं रुपयातलं बिल सहसा चालत नाही, तरी जपून ठेवा. साधारण हजार डॉलरच्या दागिन्यामागे वर्षाला दहा-वीस डॉलर, डिडक्टिबल (क्लेममधला आपल्या खिशातून भरायचा हिस्सा) बहुधा नाही, आणि मंगळसूत्र नुसतं हरवलं तरी पैसे मिळू शकतात, जे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं तरी बँक त्याची भरपाई देत नाही, एफडीआयसीचं (बँक बुडाली तर ठेवी भरून देणाऱ्या सरकारी संस्थेचं) संरक्षण खात्यातल्या पैशांना असतं, लॉकरला नाही.

प्रश्न (सॉमरसेट, न्यू जर्सी): बेसमेंटमध्ये पाणी आलं तर इन्शुरन्स देतो की नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर: प्रत्येक जण वेगळं सांगतो कारण पाणी कुठून आलं त्यावर सगळं आहे. थंडीत पाइप फुटला, एकदम पाणी झालं, कव्हर आहे (मात्र हीटिंग बंद करून देशात गेला असाल तर अडचण). तोच पाइप सहा महिने ठिबकत होता, नाही. सम्प पंप (बेसमेंटमधलं पाणी बाहेर काढणारा पंप) बंद पडला किंवा सुएरचं, म्हणजे गटाराचं पाणी उलटं आलं तर त्याचं वेगळं एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर) घेतलेलं असेल तरच. आणि रस्त्यावरून, नदीवरून वाहत आलेलं पाणी म्हणजे फ्लड, ते साध्या पॉलिसीत नसतंच. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळ आलं तेव्हा तुमच्याच काउंटीत कितीतरी बेसमेंट भरली होती.

फ्लडसाठी एनएफआयपी ही सरकारी पूरविमा योजना आहे, घराला जास्तीत जास्त अडीच लाख, सामानाला १ लाख. पण सहसा ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे टीव्हीवर वादळाचा नकाशा बघून धावपळ करून काही मिळत नाही, आणि बेसमेंटमध्ये ती फर्नेस, वॉटर हीटर असल्यांनाच पैसे देते, तिथल्या होम थिएटरला आणि गालिच्याला नाही.

पाणी आलंच तर आधी फोटो-व्हिडिओ काढा, कंपनीला फोन करा, मग उपसायला घ्या. नुकसान वाढू नये म्हणून सुकवणं तुमचंच काम असतं, पण कार्पेट फेकण्याआधी त्याचा एक तुकडा कापून अ‍ॅडजस्टरसाठी (नुकसान बघायला येणाऱ्या कंपनीच्या माणसासाठी) ठेवा.