वरच्या बंधाऱ्यातला उपसा कोर्टात सिद्ध कसा करायचा?

प्रश्न : लातूर जिल्ह्यात मांजरा नदीवर आमच्या गावाचा कोल्हापुरी बंधारा (काढता-घालता येणाऱ्या दरवाज्यांचा) आहे. वरच्या गावच्या बंधाऱ्यावर वीसेक मोटारी रात्रंदिवस चालतात. त्यांचा ऊस हिरवागार, आमचा बंधारा फेब्रुवारीतच कोरडा. ग्रामपंचायतीची पाणीपुरवठ्याची विहीरही आटली. नदी तीन राज्यांतून जाते, म्हणून लवादाकडे जाता येईल का? की कोर्टातून मनाई आणावी? काही जण म्हणतात, रात्री जाऊन त्यांचे दरवाजेच काढू.

उत्तर : दरवाज्यांना हात लावू नका. नुकसान करून शेतीचे पाणी कमी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तक्रारदाराचे आरोपी झालात की पुढचे सगळे अवघड. लवादाचा विचारही सोडा. आंतरराज्य पाणीतंट्याच्या 1956 च्या कायद्याखाली तक्रार फक्त राज्य सरकार करू शकते, गाव नाही.

आता मुख्य गोष्ट. वरचा प्रत्येक उपसा बेकायदा नसतो. जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 20 नुसार नदीचे पाणी शासनाचे. ‘नदी आमच्या शिवारातून जाते’ हा त्यांचा दावा त्यामुळे टिकत नाही, पण तुमचाही टिकत नाही. परवानगी घेऊन, ठरलेल्या क्षेत्रापुरते पाणी उचलणाऱ्याला तुम्ही अडवू शकत नाही. तुमची बाजू तीन ठिकाणी भक्कम होते : मोटारी विनापरवाना असतील, परवान्याहून जास्त उपसा असेल, किंवा पिण्यासाठी राखलेले पाणी उपसले जात असेल. विहीर आटली आहे, म्हणून तिसऱ्यावर जास्त भर द्या. आणि आधी स्वतःच्या मोटारीचा परवाना पाहा. तो नसेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.

कोरड्या पात्राच्या फोटोवर केस उभी राहत नाही. ‘उन्हाने आटले’ एवढे उत्तर त्यांना पुरते. म्हणून घट किती आणि त्यातला उपसा किती, हे वेगळे करून दाखवावे लागते.

वरच्या बंधाऱ्याच्या खांबाचा एक पक्का बिंदू धरून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा, रोज ठरल्या वेळी. शेतीपंपांचा वीजपुरवठा एखादा दिवस पूर्ण बंद असतो, त्या 24 तासांतली घट म्हणजे बाष्पीभवन, झिरपा आणि दरवाज्यांची गळती. वीज असलेल्या दिवसाच्या घटीतून ती वजा केली की उपसा उरतो. समजा, पाण्याचा पसारा 10 हेक्टर आहे. तिथे 1 सेंटिमीटर घट म्हणजे 1,000 घनमीटर. एरवी 6 आणि वीज बंद असताना दीड सेंटिमीटर घट असेल, तर उपसा रोज 4,500 घनमीटर. उन्हाळ्यात बाष्पीभवन साधारण 8 ते 10 मिलिमीटर असते, तेव्हा दीड सेंटिमीटर पटण्यासारखे आहे. (गळतीचे पाणी तुमच्याच बंधाऱ्याकडे येते, ते नुकसानीत धरू नका.)

हाच आकडा दुसऱ्या वाटेने पडताळा. 5 एचपीची मोटार, एकूण उचल 20 मीटर, कार्यक्षमता निम्मी धरली तर सेकंदाला साडेनऊ लिटर पाणी पडते; 200 लिटरचा ड्रम सुमारे 21 सेकंदांत भरतो. तेवढ्याच उंचीवर चालणाऱ्या तुमच्या मोटारीवर हे करून पाहा. 8 तासांचे 270 घनमीटर, वीस मोटारींचे सुमारे 5,500. काही मोटारी बंद असणारच, म्हणून 4,500 शी हे जुळते. दोन वाटांनी आलेला आकडा खोडणे कठीण जाते.

इथे चुकायला वाव भरपूर आहे. पातळी उतरते तसा पसारा आक्रसतो. पूर्ण भरलेल्या बंधाऱ्याचे क्षेत्रफळ शेवटपर्यंत वापराल तर उपसा फुगून दिसेल. पाटबंधारे विभागाकडून क्षमता तक्ता (कोणत्या पातळीला किती पसारा आणि किती साठा, याचा) मागवा. सौर पंप असतील तर वीज बंदचा दिवस फसवा; तिथे रात्रीची मोजणी धरा, तीही शेतीची वीज नसतानाच. मात्र रात्री बाष्पीभवन कमी होते, हे हिशेबात धरा. वरून पाणी येत असेल किंवा पाऊस पडला असेल, तो दिवस वगळा. वीजजोडणी 5 एचपीची आणि मोटार साडेसातची, हे आपल्याकडे नवे नाही. आणि ‘रात्रंदिवस’ हा शब्द अर्जातून काढा. वीज उपकेंद्राच्या नोंदीत वीज 8 तास निघाली की तुमचे उरलेले खरेही खोटे ठरते.

ऊस किती हेक्टर, हे उपग्रह चित्रांवरून दाखवता येते, पण तो ऊस विहीर-बोअरवरही असू शकतो. म्हणून ते जोडपुरावा म्हणूनच ठेवा. काठच्या विहिरींतून उपसा असेल तर भूजल अधिनियम 2009 लागू होतो आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा अहवाल लागतो.

माहिती अधिकारात परवानाधारकांची यादी, मंजूर क्षेत्र, नमुना 7 चे (पाणी मागणीचे) अर्ज, पाणीपट्टीच्या नोंदी आणि पिण्यासाठीच्या आरक्षणाचा आदेश मागा. मुदत 30 दिवसांची. मोजण्यांसह कार्यकारी अभियंत्यांकडे अर्ज करून शाखा अभियंत्यासमक्ष संयुक्त पाहणी आणि पंचनामा मागा. तुमची वही हा पाया, पण वजन पंचनाम्याला. मोबाइलवरच्या फोटोंना साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र जोडा. विहिरीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव वेगळा करून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. टंचाईत मोटारींची वीज तोडण्याचे आदेश तिथूनच निघतात.

दिवाणी मनाईचा दावा मी सुचवणार नाही. शासनाला प्रतिवादी करायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस किंवा कोर्टाची परवानगी लागते, शिवाय वीस जणांवर समन्स बजावेपर्यंत उन्हाळा सरतो. अधिकारी अर्ज दाबून बसले, तर ग्रामपंचायतीने उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट करावी. तिथे मागणी शेजाऱ्यांविरुद्ध नाही, अधिकाऱ्यांनी कर्तव्य करावे अशी असते. त्यासाठी प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह जपून ठेवा.